तंबाखूमुक्ती सेवांचा नकाशा कसा करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्यातले तालुके डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पद्धत मात्र कुठल्याही जिल्ह्याला चालते, आणि जिल्हे एकमेकांना जोडत गेलं की देशाचा नकाशा होतो.

नुसती यादी पुरत नाही का? नकाशाच कशाला हवा?

यादीत वीस नावं दिसली की काम झाल्यासारखं वाटतं. तीच नावं नकाशावर टाकली की बरीचशी शहराच्या पोटात गर्दी करून बसलेली दिसतात, कारण दंतमहाविद्यालयं, मोठी रुग्णालयं, छातीचे आणि मानसोपचाराचे डॉक्टर शहरातच असतात. वेल्हे, भोर, मुळशीचा पश्चिम भाग, आंबेगाव-जुन्नरचा आदिवासी पट्टा मोकळा राहतो.

तंबाखूच्या बाबतीत अंतर जास्त बोचतं, त्याला कारण आहे. ऑपरेशन एकदाच करायचं असतं. माणूस उसनेपासने करून पुण्याला येतो आणि उरकून जातो. तंबाखू सोडताना तलफ, चिडचिड, झोप न लागणं हे पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते चार आठवडे रेंगाळतं. तेवढ्या काळात माणसाला तीन-चार वेळा कुणीतरी भेटावं लागतं. प्रत्येक भेटीला एक रोज बुडणार असेल, तर दुसऱ्या भेटीलाच तो येत नाही.

'सेवा' नेमकी कशाला म्हणायची?

हा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर पुढचं सगळं गणित वाळूवर उभं राहतं. 'तंबाखूमुक्त परिसर' अशी पाटी म्हणजे सेवा नाही. ३१ मेचं (जागतिक तंबाखूविरोधी दिनाचं) शिबिर म्हणजेही नाही. किमान अट अशी ठेवा: ठरलेला माणूस, ठरलेला वार, ठरलेली खोली आणि पुन्हा बोलावण्याची सोय.

त्यावर तीन पातळ्या करा. पहिली, थोडक्यात सल्ला: विचारणं, सोडायला सांगणं, पुढे पाठवणं. हे प्राथमिक आरोग्य केंद्रातही तीन-चार मिनिटांत होतं. दुसरी, प्रशिक्षित समुपदेशकाकडून समुपदेशन आणि पाठपुरावा. तिसरी, समुपदेशन अधिक औषध. तिन्ही पातळ्यांना एकच चिन्ह दिलं तर नकाशा हिरवागार दिसेल आणि खोटा असेल.

व्यसनमुक्ती केंद्रांबाबत विशेष जपा. बहुतेक ठिकाणी दाखल होणारे रुग्ण दारूचे असतात. फक्त तंबाखू सोडायची असलेल्या माणसाला तिथे बाह्यरुग्ण म्हणून घेतात का, हे विचारल्याशिवाय ते केंद्र मोजू नका.

नकाशा धूम्रपानाचा करायचा की सगळ्या तंबाखूचा?

महाराष्ट्रात फक्त धूम्रपानाचा केलात तर मुख्य रुग्णच बाहेर राहील. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. (काहीजण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जास्त भरते.) बायकांमध्ये ओढण्याचं प्रमाण १.४ टक्के, तर धूररहित तंबाखूचं १६.६ टक्के. यात मिश्री लावणाऱ्या आल्या, आणि त्यातल्या कित्येक जणी स्वतःला व्यसनी समजतच नाहीत. 'दात घासते' एवढंच सांगतात.

परदेशी नमुन्यावर बेतलेला फॉर्म सरळ 'दिवसाला किती सिगारेट?' असं विचारतो. तसा फॉर्म वापरणाऱ्या केंद्राला मिश्री, मावा, तंबाखू-चुना यांबद्दल विचारता येतं का, याची नोंद वेगळ्या रकान्यात करा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र केंद्राकडे असेल तर उत्तमच, पण तंबाखू खाणाऱ्याच्या तपासणीत त्याचा काही उपयोग नाही.

केंद्रांची पहिली यादी कुठून जमवायची?

जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षापासून सुरुवात करा. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा पातळीवरची रचना त्याखाली येते. मग औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून, पिंपरीचं वायसीएम, दोन्ही महापालिकांचे आरोग्य विभाग, तालुक्याची उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं, त्यातली असंसर्गजन्य आजारांची ओपीडी, अशा क्रमाने विचारत जा. दंतमहाविद्यालयं विसरू नका. तंबाखूचे डाग आणि तोंडातले पांढरे चट्टे सगळ्यात आधी तिथेच दिसतात. क्षयरोगाच्या कार्यक्रमातही रुग्णाला तंबाखूबद्दल विचारणं अपेक्षित आहे, म्हणून क्षयरोग युनिटची यादी सोबत ठेवा.

कार्यालयाने माहिती दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'तंबाखूमुक्तीसाठी काय करता?' असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येईल. समुपदेशकाची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, गेल्या बारा महिन्यांत महिनावार नवे रुग्ण आणि पाठपुराव्याचे रुग्ण किती, निकोटिन गमचा (तलफ कमी करणाऱ्या औषधी च्युइंगमचा) साठा कोणत्या महिन्यांत शून्य होता, असं विचारा. नवे आणि पाठपुराव्याचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की केंद्र खरं चालतं का ते कळतं. नवे रुग्ण दोनशे आणि पाठपुरावा चार, याचा अर्थ तिथे रजिस्टर भरलं जातंय, एवढाच.

फोन करून खात्री करताना काय विचारायचं?

'तुमच्याकडे तंबाखूमुक्ती केंद्र आहे का?' हा प्रश्न टाळा. उत्तर 'हो, आहे ना' असंच येतं. आधी आपण कोण, कशासाठी विचारतोय ते सांगा. रुग्ण असल्याचं सोंग करू नका. मग विचारा: 'एखाद्या ताईंना मिश्री सोडायची असेल तर त्यांनी कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या खोलीत यायचं? केस पेपर कुठे काढायचा? किती पैसे लागतील? समुपदेशक रजेवर असले तर कोण बघतं?' समोरचा 'थांबा, विचारून सांगतो' म्हणाला तर तीही माहितीच आहे, कारण रुग्णाच्या वाट्यालाही तेच येणार.

दोन वेगवेगळ्या दिवशी फोन करा, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी. तीन प्रयत्नांत फोन उचलला नाही तर 'बंद' असं लिहू नका, 'खात्री झाली नाही' असं लिहा. शक्य असेल तिथे जाऊन या. मोठ्या रुग्णालयात फाटकापासून त्या खोलीपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागू शकतात, आणि हे कुठलाही रस्त्यांचा नकाशा सांगत नाही.

पत्त्यावरून बिंदू टाकताना काय चुकतं?

नावं चुकतात. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक आणि वडगाव मावळ यांत संगणक सहज घोटाळा करतो. बुद्रुक-खुर्दचा गोंधळ तर प्रत्येक तालुक्यात आहे. नुसत्या पिनकोडवरून टाकलेला बिंदू पिनकोडच्या मध्यावर जाऊन बसतो. ग्रामीण भागात ही चूक कित्येक किलोमीटरची होते. म्हणून अक्षांश-रेखांश हातानेच तपासा. दशांशाची चार स्थळं पुरेत, तेवढ्यात सुमारे ११ मीटरपर्यंत अचूकता येते.

दोन आकडे उलटे टाकण्याची चूक जवळजवळ प्रत्येक गट एकदा तरी करतो. पुण्याचं अक्षांश साधारण १८.५२ आणि रेखांश ७३.८५ आहे. उलटं टाकलंत की बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. लगेच दिसते म्हणून ही चूक बरी. वडगावची चूक दिसतच नाही.

गावांना नावाऐवजी जनगणनेचा किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सरकारी निर्देशिकेचा संकेतांक द्या, आणि तो रकाना 'मजकूर' प्रकारचा ठेवा. नाहीतर एक्सेल सुरुवातीचं शून्य खातं. पुण्याच्या ०२० ने सुरू होणाऱ्या फोन नंबरांचंही तेच होतं. मराठी नावं शेपफाइलमध्ये (नकाशाची माहिती साठवायचा एक जुना फाइल-प्रकार) ठेवू नका. तिच्या रकान्यांची नावं दहा अक्षरांवर कापली जातात, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर त्यात तिप्पट जागा घेतं. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा.

किती किलोमीटर म्हणजे 'जवळ'?

किलोमीटर सोडा, मिनिटं मोजा. सरळ रेषेतलं अंतर या जिल्ह्यात फार फसवतं. मुळशी, पानशेत, वरसगाव, डिंभे या धरणांच्या पाण्याकाठची गावं समोरासमोर दिसतात, पण रस्ता अख्ख्या जलाशयाला वळसा घालून जातो. इंदापुरात उजनीच्या फुगवट्याचंही तसंच.

दुसरी फसवणूक वाहनाची. रस्त्यांचं गणित करणारी साधनं मुळात मोटारीचा वेग धरतात. इथला रुग्ण दुचाकीवर, वडापने (शेअर जीपने) किंवा एसटीने येतो. तीन वेगळी गणितं करा: दुचाकी, सार्वजनिक वाहन, आणि चालणं अधिक वाहन. चालण्याचा वेग सपाटीला ताशी ४ ते ५ किलोमीटर धरा, डोंगरात ३.

शहरात दर पंधरा मिनिटांनी बस असेल तर सरासरी थांबणं निम्मं, म्हणजे साडेसात मिनिटं, हा ठोकताळा चालतो. दिवसाला दोनच गाड्या असलेल्या गावाला तो लावू नका. तिथे वेळापत्रकच बघावं लागतं. मुक्कामी गाडी सकाळी सहाला निघते आणि परतीची संध्याकाळी असते. ओपीडीत पंधरा मिनिटांचं काम, पण दिवस गेला. अशा गावासाठी 'प्रवास ७० मिनिटं' असं लिहिणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण निरुपयोगी आहे. 'घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत' असा रकाना ठेवा. आमच्या मते नकाशातला सगळ्यात बोलका आकडा तोच.

पावसाळ्यासाठी वेगळा नकाशा करावा का?

पश्चिम पट्ट्यासाठी करावा. वरंध, ताम्हिणी या घाटांत पावसाळ्यात दरडी पडतात, वाहतूक अडते, साकव पाण्याखाली जातात. जून ते सप्टेंबरसाठी रस्त्यांचा वेग कमी करून आणि अडणारे भाग काढून गणित पुन्हा चालवा. कोणते भाग अडतात ते आशाताईंना विचारा; हे उपग्रहाला दिसत नाही.

लोकसंख्येचा आकडा कुठला घ्यायचा?

पूर्ण झालेली शेवटची जनगणना २०११ ची आहे, तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख २९ हजार होती. त्यानंतर वाघोली, हिंजवडी, उंड्री, चाकण ओळखू येत नाहीत इतके वाढले. वर्ल्डपॉपसारखे १०० मीटर चौकटींचे अंदाज मिळतात, ते घेऊन जनगणनेशी ताडून पाहा. चौकटींचे अंदाज नव्या टोलेजंग सोसायट्यांत कमी आणि गोदामांच्या छपरांवर जास्त माणसं दाखवू शकतात.

हद्दींवरही लक्ष ठेवा. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची वेगळी नगरपरिषद झाली. जुन्या प्रभागांच्या फाइलवर नवी लोकसंख्या चढवली की ही गावं दोनदा मोजली जातात, नाहीतर एकदाही नाही.

फिरती माणसंही आहेत. ऊसतोड कामगार हंगामात बारामती, इंदापूर, दौंड, शिरूरकडे कोपी (तात्पुरती झोपडी) टाकून राहतात. कामाच्या वेळा पहाटेच्या, तंबाखूचं प्रमाण मोठं आणि कागदोपत्री पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला. त्यांचा थर (नकाशावर हवा तेव्हा चढवता-उतरवता येणारा माहितीचा पदर) वेगळा काढा आणि त्यावर महिने लिहा.

'दोन पायऱ्यांची पद्धत' सोप्या भाषेत सांगाल?

सगळ्यात जवळचं केंद्र किती लांब, हे गणित गर्दी विचारात घेत नाही. म्हणून २००० च्या दशकात पुढे आलेली तरत्या सेवाक्षेत्राची दोन पायऱ्यांची पद्धत वापरतात. खालचे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत.

आधी क्षमता काढा. एका माणसाची पहिली भेट ३० मिनिटं आणि १० मिनिटांच्या ४ भेटी, मिळून ७० मिनिटं. केंद्र 'अ' आठवड्यातून २ दिवस, ३-३ तास चालतं: ३६० मिनिटं, म्हणजे आठवड्याला ५ नवी माणसं, ५० आठवड्यांत २५०. केंद्र 'ब' ६ दिवस, ४-४ तास: १,४४० मिनिटं, आठवड्याला २०, वर्षाला १,०००.

पहिली पायरी: प्रत्येक केंद्रापासून ठरलेल्या वेळेत, समजा ४५ मिनिटांत, येऊ शकणारे तंबाखू वापरणारे मोजा. 'अ' भोवती ३२,००० आणि 'ब' भोवती ८०,००० निघाले. मग 'अ'चं प्रमाण दर हजारी ७.८ आणि 'ब'चं १२.५.

दुसरी पायरी: आता गावाकडून बघा. ४५ मिनिटांत दोन्ही केंद्रं गाठणाऱ्या गावाला ७.८ अधिक १२.५, म्हणजे २०.३. फक्त 'अ' गाठणाऱ्याला ७.८. एकही नाही तर शून्य.

खोट अशी की ४४ मिनिटांवरचं गाव पूर्ण धरलं जातं आणि ४६ मिनिटांवरचं शून्य. म्हणून वेळेचे टप्पे करून लांबच्या टप्प्याला कमी वजन द्या, उदाहरणार्थ १५ मिनिटांपर्यंत १, ३० पर्यंत ०.७, ४५ पर्यंत ०.३. हे वजन दोन्ही पायऱ्यांत लावायचं असतं. फक्त दुसऱ्या पायरीत लावणं ही नेहमीची चूक. वजनं बदलून निकाल किती हलतो तेही पाहा. क्रमवारी उलटीपालटी होत असेल तर गावागावांची तुलना छापू नका.

वापरणाऱ्यांची टक्केवारी कुठून आणायची? वर दिलेलं प्रौढ सर्वेक्षण राज्य पातळीचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्याचे, स्त्री-पुरुषांचे वेगळे आकडे मिळतात. त्याखाली, म्हणजे तालुका किंवा गाव पातळीवर, टक्केवारी बदलती दाखवायचा मोह आवरा.

क्विटलाइन सगळीकडे पोचते. मग अंतराचा प्रश्नच कुठे उरतो?

क्विटलाइन म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारी सेवा. राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६, फोन मोफत. ती २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. नंतर मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बोरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट ही केंद्रं जोडली गेली. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. चांगली सेवा आहे, जरूर सांगा.

पण तिला नकाशावर केंद्रासारखी मोजू नका, तिचा वेगळा थर करा. तिथे अडथळे निराळे आहेत: रेंज नाही, फोन घरातल्या पुरुषाकडे, घरात सगळ्यांसमोर बोलता येत नाही. २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटावर छापतात. मिश्री मात्र पुष्कळदा सुटी तंबाखू आणून तव्यावर भाजून केली जाते. तिथे पाकीटच नाही, तर नंबर दिसणार कुठे? जिथे मिश्री जास्त तिथे नंबर कमी पोचलाय असं धरून चला आणि तपासा.

औषधांच्या दुकानांचा थर टाकावा का?

टाका, पण वेगळा. २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल तर साधारण ४ मिलिग्रॅमचा विचार होतो, म्हणजे ज्याला जास्त गरज त्यालाच डॉक्टर गाठावा लागतो. निकोटिन रिप्लेसमेंट (गमसारखे तंबाखूऐवजी निकोटिन देणारे औषधी पर्याय) २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. तरी दुकानात जाऊन पाकीट बघा आणि त्यावरची मुदतही वाचा.

'गम आहे' आणि 'गम कसा घ्यायचा ते सांगणारा आहे' हे दोन रकाने ठेवा. हा गम साध्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो: थोडा चावायचा, चव तिखट झाली की गालात धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको. सतत चघळला तर निकोटिन पोटात जातं, उचकी आणि मळमळ होते, आणि 'मला सोसत नाही' म्हणून माणूस पुन्हा पुडीकडे वळतो.

जिल्ह्याच्या हद्दीवर नकाशा कापायचा का?

छापताना कापा, गणित करताना नको. इंदापूरची माणसं अकलूज-टेंभुर्णीकडे जातात, भोरची शिरवळकडे, जुन्नरची संगमनेरकडे. हद्दीबाहेरची ३०-४० किलोमीटरची पट्टी धरली नाही तर कडेची गावं उगाच वंचित दिसतात.

रंग कसे द्यायचे?

'सेवा नाही' आणि 'माहिती नाही' यांना कधीही एकच रंग देऊ नका. माहिती नसलेल्या भागाला तिरप्या रेघा द्या. लाल-हिरवी जोडी टाळा. रंगांधळ्या वाचकाला तिच्यातला फरक दिसत नाही आणि झेरॉक्समध्ये दोन्ही करडे होतात. वेळेचे टप्पे १५, ३०, ६०, १२० मिनिटं असे ठरीव ठेवा. संगणकाने स्वतःहून पाडलेल्या पाच सारख्या हिश्शांच्या टप्प्यांत सगळ्यात वाईट पाचवा हिस्सा नेहमीच लाल दिसतो, तो खरोखर वाईट असो वा नसो.

कोणतं सॉफ्टवेअर लागेल?

नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, प्रवासवेळेसाठी ओपनरूटसर्व्हिस, डोंगराळ भागात पायवाटा धरायच्या तर जागतिक आरोग्य संघटनेचं ॲक्सेसमॉड. अंतर मोजण्याआधी नकाशा अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ उत्तर या पद्धतीत न्या; सॉफ्टवेअरमध्ये तिचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. अंशांमध्ये अंतर मोजलं तर आकडे येतात, फक्त त्यांना अर्थ नसतो.

रुग्णांचे पत्ते मिळाले तर वापरावेत का?

नाही. केंद्राकडून गावनिहाय किंवा पिनकोडनिहाय बेरीज मागा, आणि पाचपेक्षा कमी असेल तिथे आकडा लपवा. छोट्या वाडीत 'एक महिला, वय ३४' एवढ्यावरून घर ओळखू येतं.

हेच देशपातळीवर न्यायचं तर काय बदलतं?

सातशेहून जास्त जिल्ह्यांत प्रत्येक केंद्राला फोन करणं होत नाही. म्हणून दोन थर करा: सगळ्या देशासाठी सरकारी यादीवरचा ढोबळ नकाशा, आणि निवडक जिल्ह्यांत फोन-भेटीची खातरजमा. डोंगरी, किनारी, शहरी, आदिवासी असे जिल्ह्यांचे गट पाडून प्रत्येकातून चिठ्ठी टाकून निवड करा, सोयीचे जिल्हे उचलू नका. यादीतली किती केंद्रं खरोखर चालू निघाली हे प्रमाण गटवार छापा आणि ढोबळ नकाशाच्या शेजारीच ठेवा. भाषेचा रकाना देशपातळीवर अनिवार्य. पुण्यातल्या बांधकामावरच्या, मराठी न येणाऱ्या मजुराला मराठी समुपदेशक उपयोगी पडत नाही, तसंच हे सगळीकडे.

नकाशा किती दिवसांनी ताजा करायचा?

दर तीन महिन्यांनी फोन, वर्षातून एकदा भेट. समुपदेशकांची बरीच पदं कंत्राटी असतात आणि आर्थिक वर्षावर चालतात, म्हणून एप्रिल-मेमधली फेरी चुकवू नका. प्रत्येक बिंदूला 'शेवटची खात्री' ही तारीख जोडा आणि ती नकाशावर दिसू द्या. सहा महिन्यांहून जुनी झाली की बिंदू आपोआप फिका पडेल अशी सोय करा. क्यूजीआयएसमध्ये तारखेच्या अटीवर रंग ठरवता येतो, दहा मिनिटांचं काम आहे.